अबोलीवाली

बोरी अरबच्या बाजारात एक म्हातारी बाई फुलझाडाची रोपं घेऊन बसे. तिचं नाव मी कधी इचारलं नाही. चेहरा कायम थकेल. कोनाशीबी बोलतानी कुंडीतल्या मातीत बोट खुपसून पाहे.

माही बायको पाठीच्या दुखन्यानं बाजेवर पडेल होती, भिंतीकडे तोंड करून. तिले अबोली आवडते म्हनून मी रोप नेलं. ते मेलं. दुसरं नेलं, तेबी मेलं. झाड मारन्यात माहा हात धरनारा गावात कोनी नाही.

तिसऱ्यांदा गेलतो, तं बाईनं रोप मांगं ओढलं.

"नाही देत. तू याले बुडवून मारशीन."

"माय, दिवसभर पानीच तं देतो!"

"तेच तं! घरी दुसरं कोनी नाही काय?"

"बायको हाय. बाजेवर पडून राह्यते."

बाईनं बोट लुगड्याले पुसलं. "मंग तिच्या बाजेपाशी, खिडकीत ठेव. अर्धं ऊन पुरते. माती कोरडी लागली तरच पानी, अन् ते तिलेच घालू दे. तुही माया मुळं सडवते, बापू."

रोप आनून खिडकीत ठेवलं. बायको पयले कोपरावर उठे, मंग बसून मातीत बोट घालाले लागली. मी आपला दारातूनच पाहो, चोरावानी.

काल फुलं आली. केसात माळाले तिचा हात वर जाईना. मंग मीच माळली, तं तीबी उलटी. बायको पाठ धरून हासली.