फ्रिजमधल्या कुप्या

आमच्या नात्यात एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे — सुधाकरने आपल्या आजारी बहिणीचं औषध विकून खाल्लं. ती गोष्ट मी पसरवली. खरी गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही, आणि तुम्हाला सांगतानाही जीभ अडखळते आहे. हे मी मन हलकं करायला तर सांगत नाही ना? मला माझाही भरवसा वाटत नाही.

सुधाकर म्हणजे माझी बायको कुसुम हिचा पाठचा भाऊ. आईबाप गेल्यावर तिचं माहेर म्हणजे तोच. भिलाईच्या कॅम्प एकमध्ये राहायचा, जवळच्या रसमडा गावातल्या कारखान्यात कामाला. मी भिलाईच्या पोलाद प्लँटच्या लॅबमध्ये केमिस्ट, सेक्टर सहात क्वार्टर. लॅबमध्ये प्लॅटिनमच्या मुशी कुलपात असत — काढताना वजन, ठेवताना वजन. त्या कामाने मी संशयी झालो, की संशयी होतो म्हणून ते काम आवडायचं? कोण जाणे. संशय घेणं म्हणजे हुशारी, असं मी धरून चाललो होतो.

कुसुमला अंडाशयाचा कॅन्सर निघाला तेव्हा ऐंशीचं दशक सरत आलं होतं. डॉक्टरांनी सिस्प्लॅटिन लिहून दिलं. त्यात प्लॅटिनम असतं, असं ते म्हणाले आणि माझे कान टवकारले. औषध भिलाईत मिळेना. सुधाकर सुट्टी टाकून नागपूरला गेला, घेऊन आला. काचेच्या बुटक्या कुप्या, आत पाण्यासारखं काहीतरी. हे प्लॅटिनम? मनात पाल चुकचुकली. तरी नासू नये म्हणून कुप्या फ्रिजमध्ये ठेवल्या. तसं करा म्हणून कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

सकाळी पाहतो तर तळाशी पिवळट खडे. सुधाकरला बोलावून घेतलं, कुपी त्याच्या नाकासमोर धरली. "मले काय मालूम, भाऊजी? दुकानदारानं देल्या तशाच आणल्या मी," तो म्हणाला. त्याचा आवाज कापला — मला तेवढा पुरावा पुरला. खरं औषध विकून भेसळ आणलीस, असं मी कुसुमसमोर म्हणालो. कुप्या मोरीत ओतल्या. डॉक्टरांना सांगितलं, गाडीत फुटल्या. दुसऱ्या येईपर्यंत तिचे उपचार लांबले.

पुढच्या खेपेला डॉक्टर सहज म्हणाले, हे फ्रिजमध्ये ठेवू नका, गारठ्याने खडे धरतात. बाहेर राहिलं की पुन्हा विरघळतात. मी मान डोलावली. केमिस्ट माणूस मी — हे मला दुसऱ्याने सांगावं?

इथवर चूक म्हणा हवं तर. पुढचं मात्र चुकून झालं नव्हतं. त्या दुपारी घरी येऊन कुसुमला सांगायचं होतं, एवढंच. उलट्यांनी ती अर्धी झाली होती, भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनंच विचारलं, "सुधाकरनं असं कावून केलं असन जी?" मी म्हणालो, "तू झोप." सगळ्या सोयऱ्यांत मी बोलून बसलो होतो. आता शब्द मागे घेतला तर माझी काय पत राहणार होती? ती आणखी काही वेळा विचारत राहिली. मग त्याचं नाव घेणंच तिनं सोडलं.

ती गेली त्या सकाळी सुधाकर आला. आमच्यात सवाष्ण गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते. हिरवी साडी छातीशी धरून तो क्वार्टरच्या फाटकाबाहेर उभा राहिला. आत यायची त्याची हिंमत होईना. तिला साडी नेसवायला जमलेल्या बायका थांबल्या, माझ्याकडे पाहू लागल्या. त्याला नुसतं आत ये म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मी त्यांच्यातल्या माझ्या वहिनीला म्हणालो, "कपाटातलीच एखादी नेसवा."