घोड्याचे मागचे पाय

मार्चमधल्या एका शनिवारी डब्लिनला घरी परतताना, माझ्यापुढे चाललेला घोड्याचा ट्रेलर बर्फाळ पुलावर घसरून आडवा झाला. मी कचकन ब्रेक दाबला. गाडी जेमतेम हातभर अंतरावर थांबली. अकरा वर्षांच्या लेकीला मागच्या सीटवर तशीच ठेवून मी धावले.

ट्रेलरचा पत्रा आतून धडाधड वाजत होता. घोड्याचा मालक, साठीचा माणूस, मागचं दार उचकटत होता.

"थांबा, उघडू नका!" मी ओरडले, तेही मराठीत.

दार उघडताक्षणी घोड्याचे मागचे दोन्ही पाय बाहेर आले. खूर त्याच्या जबड्यावर बसला. तो कोसळला आणि घोडा त्याला तुडवतच बाहेर पडला. घोड्याचा पुढचा एक पाय मोडून लोंबत होता, हाड बाहेर आलं होतं. तो उठायचा, त्याच पायावर पडायचा, किंचाळायचा, पुन्हा उठायचा. मी त्या माणसाला काखेत धरून कठड्याशी ओढलं आणि माझा मफलर त्याच्या तोंडावर दाबून धरला. माझ्या कोपरापर्यंत रक्त आलं. पोलीस आला. घोड्याला दोन गोळ्या घालाव्या लागल्या.

माणूस वाचला. त्याचा जबडा तारांनी बांधला, असं नंतर कळलं.

तेव्हा मी एका म्युझियममधल्या चित्रकलेच्या वर्गाला जायची. सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या नोकरीतून तेवढीच सुटका. सतराव्या शतकातल्या, बरोक शैलीच्या, तपकिरी शाईत काढलेल्या एका लढाईच्या चित्राची नक्कल आम्ही करत होतो. मी तीन आठवडे एकेक शिपाई पट्ट्या-बटणांसकट नीट काढला होता. आमच्या म्हाताऱ्या शिक्षिकाबाई ते बघून म्हणाल्या होत्या, "तुझ्या लढाईत कुणालाच लागलेलं नाही."

अपघातानंतर दोन आठवड्यांनी मी पुन्हा त्या चित्रापुढे बसले. कोपऱ्यातल्या पडलेल्या घोड्याचे मागचे पाय चित्रकाराने तीन-तीनदा काढले होते, एकावर एक, काहीच न खोडता. मला आधी वाटायचं, त्याचं चुकलं असेल. म्हणून मी त्यातली एकच रेघ निवडून घेतली होती. आता कळलं, ते पाय खरंच असे एकाच वेळी सगळीकडे असतात.

नवा कागद घेतला. टाक इतका दाबला की कागद फाटला. फाटलेल्या जागी शाई फुटली, घोड्याखालच्या माणसाचा चेहरा त्यात गेला. मी थांबले नाही. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या, मग माझ्याशेजारी शाईची भरलेली दौत ठेवून पुढे गेल्या.

घरी लेकीने तो कागद किचनच्या टेबलावर पाहिला. अपघाताबद्दल ती तोवर एक अक्षर बोलली नव्हती. त्या डागावर बोट ठेवून म्हणाली, "आई, आय सॉ एव्हरीथिंग."

"मला वाटलं, तू डोळे मिटून घेतले असशील."

"आय ट्राइड."

मी कागद बाजूला सारला आणि तिला जवळ ओढलं. मग हळूहळू, पहिल्यापासून, तिने सगळं सांगायला सुरुवात केली.