टाकीच्या सावलीतली परीक्षा

जुईचा फोन आला तेव्हा मी दुकान उघडत होते. नागपूरला माझं औषधांचं छोटं दुकान आहे, आणि शटर वर करताना फोन वाजला तर मी सहसा उचलत नाही. त्या दिवशी उचलला. “आत्या, आई गेली,” जुई म्हणाली. “पहाटे, झोपेतच. तू ये, पण धावपळ करू नको. सिवनीमार्गे येणारी दुपारची बस बरी पडेल, थेट आहे.” आई जाऊन काही तास झालेले आणि ही मुलगी मला बस सांगत होती. क्षणभर तिचा रागच आला. मग वाटलं, वहिनीनं वाढवलेली मुलगी याहून वेगळं काय बोलणार... दुकान बंद केलं आणि तीच बस पकडली.

वासंती वहिनी ही माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर वर्ध्याचं. लग्न होऊन जबलपूरला, रांझीतल्या आमच्या घरात आली. आप्पा, म्हणजे माझे वडील, तिथल्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, दादा रेल्वेत, मी फार्मसी शिकत होते. दादाच्या दोन मुली, मीरा आणि जुई. मीरा पाचवीत आणि जुई तिसरीत असताना दोघींना एकापाठोपाठ कावीळ झाली आणि शाळा बुडाली. वहिनी घरीच शिकवू लागली. मुली बऱ्या झाल्या, तरी ती त्यांना शाळेत पाठवण्याचं नाव काढेना. त्यामागे मोठा विचार वगैरे काही नव्हता. “वर्षाचं गणित पलंगावर झालं,” ती म्हणाली, “आता उरलेलं वर्ष तिथं बसून काय करतील?” ओळखीची मराठी मंडळी मला बाजूला घेऊन विचारत, पोरींना काही झालंय का? मी म्हणायची, झालं होतं, आता बऱ्या आहेत.

आप्पांना हे अजिबात पटलं नाही. “काहून वं सूनबाई, शाळा काय भिंती पाहायले बांधली का?” घर त्यांचं, शब्दही त्यांचाच. दोन दिवस घरात भांड्यांचाच आवाज होता. मग त्यांनी निकाल दिला. “एक वर्ष देतो. होळी झाली की परीक्षा मी घेईन. जमलं नाही तर जुलैत दोघी शाळेत, अन् मग या घरात हा विषय नाही.” वहिनी पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, “चालेल, आप्पा.” दादाचं डोकं नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रात होतं.

ते वर्ष मी जवळून पाहिलं. आठवड्याचे चार दिवस पाटी-पुस्तक, आणि बाकीचे दिवस शहर. डबा, पाण्याची बाटली, आणि वहिनीचा एकच नियम: “विचार, पण मले नको विचारू.” जे जाणून घ्यायचं ते करणाऱ्या माणसाला विचारायचं, नाहीतर स्वतः शोधायचं. ती मागून चालायची. मुलींनी चुकीचं वळण घेतलं तर तीही त्या वळणानं जायची. एकदा सिव्हिल लाइन्समध्ये मीरानं नकाशा काढायला घेतला आणि तिघी एकाच बंगल्याला तीन वेळा फेरी मारून आल्या. शेवटी चौकीदारच बाहेर आला. “दीदी, कुछ गुम गया है क्या?” वहिनी म्हणाली, “हाँ भैया, उत्तर दिशा.” बसचे कंडक्टर त्यांना ओळखू लागले होते. “आज इस्कूल की छुट्टी है क्या?” कुणीतरी रोज विचारायचंच. “नहीं भैया, इस्कूल ही जा रहे हैं,” वहिनीचं उत्तर ठरलेलं.

बरगीला एकदा मीही गेले होते. धरणाच्या काठी जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका म्हाताऱ्याजवळ जुई जाऊन बसली आणि जाळ्याची भोकं एवढी मोठी का, म्हणून विचारू लागली. “छोटी मछली को निकल जाने दो, बिटिया. अगले साल फिर आएगी.” मग बोलता बोलता त्यानं पाण्याकडे बोट केलं. “वो बगुला बैठा है न, उधर मेरा आँगन था.” मीरानं कागद काढला. तो सांगत गेला, ही विहीर, हा पिंपळ, ही शाळा, आणि ती पाण्याखालच्या गावाचा नकाशा काढत गेली. निघताना म्हाताऱ्यानं तो कागद मागून घेतला. परतीच्या बसमध्ये मला वाटलं वहिनी आता धरणावर चार शब्द समजावून सांगेल. ती खिडकीबाहेर पाहत राहिली...

होळी झाली. आप्पांनी पुस्तक उघडलंच नाही. चार वाजता काठी घेतली आणि आम्हा सगळ्यांना कारखान्याच्या वसाहतीतल्या पाण्याच्या उंच टाकीपाशी नेलं. “हिची उंची सांगा. चढायचं नाही, कोणाले विचारायचं नाही. माझी काठी तीन फुटांची आहे, एवढंच सांगतो.” टाकी बांधली गेली तेव्हा आप्पा तिथंच कामाला होते, त्यामुळे उंची त्यांना पाठ. मुली कुजबुजल्या आणि कामाला लागल्या. काठी उभी धरून तिची सावली मोजायची, टाकीची सावली मोजायची, आणि दोन्हींच्या प्रमाणावरून उंची काढायची. टेप नव्हता, म्हणून टाचेला अंगठा लावून पावलांनी मोजायचं. काम लवकर व्हावं म्हणून त्यांनी वाटून घेतलं: जुईनं काठीची सावली, मीरानं टाकीची. वहिनी नालीच्या कठड्यावर भाजलेल्या शेंगा खात बसली होती. मध्येच तिच्या हातातली शेंग न फोडता तशीच राहिली, एवढं मी पाहिलं. मला वाटलं, धास्ती असेल.

मीरानं जमिनीवर भागाकार केला. “बावन्न फूट.”

आप्पा मोठ्यानं हसले. “काहून, टाकी काय जमिनीत धसली का?” मग वहिनीकडे वळून, “चलो. झालं, सूनबाई?” मीरा म्हणाली, परत मोजतो. पण फाल्गुनातलं चुकार आभाळ आलं होतं. ऊन गेलं, सावली गेली. आप्पा काठी टेकत निघाले. एका वर्षाची मेहनत, आणि जुलैची शाळा... मी वहिनीकडे पाहिलं. ती उठली नाही, बोलली नाही, मुलींकडे पाहिलंही नाही. तिनं फक्त शेंगांची टरफलं पदरात गोळा केली.

मीरा खाली बसली. स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग जुईच्या. “आजोबा, थांबा!” तिनं चपला काढल्या, जुईलाही काढायला लावल्या. स्वतःच्या चपला एकापुढे एक ठेवत रेघ मारली, शेजारी जुईच्या ठेवत दुसरी. मीराच्या चार तेवढ्याच जुईच्या पाच. “काठी जुईच्या पायानं मोजली अन् टाकी माझ्या! सावली नाही पाहिजे आता, पाय इथंच आहेत.” पुन्हा आकडे, खोडाखोड, नाकावर माती. “पासष्ट!”

आप्पा परत आले. दोन्ही रेघांकडे फोरमनच्या नजरेनं बराच वेळ पाहत राहिले. “सदुसष्ट आहे,” ते म्हणाले. “दो फीट तो चलता है.” आणि मग जुईला, “चपला घाल, काटे टोचतील.” शाळेचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. पुढच्या शनिवारी आप्पा स्वतःचा डबा घेऊन दारात उभे होते.

घरी आल्यावर मी वहिनीला गाठलं. “तुले दिसलं होतं ना?” “जुईनं पाऊल टाकलं तेव्हाच.” “मग बोलली काहून नाही? सगळं गेलं असतं!” ती भाकरीचं पीठ मळत होती. “बोलले असते तर उत्तर बरोबर आलं असतं, रेखाताई. पण मग परीक्षा माझी झाली असती.” एवढंच. मुली पुढं खाजगी विद्यार्थी म्हणून दहावी झाल्या, कॉलेजात गेल्या. मीरा आज पूल बांधते, जुई जनावरांची डॉक्टर आहे. लोक विचारतात, शाळेत न जाता जमलं कसं? मी टाकीची गोष्ट सांगते. वहिनीनं स्वतः ती कधीच कुणाला सांगितली नाही.

तेराव्यानंतर मी निघायच्या दिवशी दादा पहाटे उठून स्वयंपाकघरात गेला. त्याला एकट्यानं तिथंच राहायचं आहे. मुलींनी ‘आमच्याकडे चला’ म्हटलं तेव्हा त्यानं मान हलवून नाही सांगितलं होतं. आयुष्यात या माणसानं चहा केलेला नाही. साखरेचा डबा त्याला सापडेना. मी उठून पुढं झाले तर मीरानं माझा दंड धरला. दारात ती आणि जुई, दोघी उभ्या होत्या, आणि दोघीही काही बोलत नव्हत्या. दादानं तीन डबे उघडले, दूध उतू घालवलं, ओटा पुसला, पुन्हा दूध ठेवलं. वहिनी त्या घरात मला सगळ्यात स्पष्ट दिसली ती तेव्हा, त्या दोघींच्या मिटलेल्या तोंडांत. चहा कडू झाला होता. आम्ही सगळ्यांनी प्यायला. जुईचा परवा फोन आला; म्हणाली, आता बाबांचा चहा बरा होऊन राहिला, आलं घालायचं त्यांनी स्वतःच शोधून काढलं.