निवेदनातला दुसरा मुद्दा

अंबडच्या कचेरीसमोर कडुलिंबाखाली माझे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंतच झाले. तरीही गेली सव्वीस वर्षे या तालुक्याची गाऱ्हाणी माझ्या अक्षरात वर जातात, हे मी चारचौघांत अभिमानाने सांगत आलो. लोक मुन्शीजी म्हणतात. पुढे जे लिहितो आहे, ते मात्र मी आजवर कुणाला सांगितलेले नाही.

आमच्या धंद्याची एक रीत आहे. एकाच मागणीचा अर्ज लिहू नये. मागणी एकच असली, की साहेबापुढे होकार किंवा नकार एवढेच उरते, आणि नकार लिहायला सोपा असतो. म्हणून मुख्य मागणीखाली एक हलकी मागणी जोडावी. साहेब ती मान्य करतो, त्याचाही मान राहतो आणि अर्जदार रिकाम्या हाताने परतत नाही. डांबरी रस्ता मागणाऱ्यांना मी खाली मुरूमही मागायला लावला आहे, आणि मुरूम मिळालेला आहे.

आमच्या भागावरची एक कादंबरी आहे. वाचनालयातली तिची प्रत हाताळून हाताळून दोनदा बांधून घ्यावी लागली. तिच्यावर चित्रपट निघणार, तोही याच तालुक्यात, हे कळल्यावर सर्वांना आनंद झाला. मग नायिकेचे काम करणाऱ्या मुलीचा फोटो मोबाइलवर आला आणि वाचनालयाचे निवृत्त गुरुजी आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना घेऊन माझ्याकडे आले.

"आपल्याला भांडायचं न्हाई," गुरुजी म्हणाले. "पोरगी मेहनती असंल. पण पुस्तकातली बाई चाळिशीची, उन्हानं रापलेली, तोंडावर देवीचे व्रण. हिच्या गालावर माशी बसली तर घसरून पडंल."

"गुरुजी, हे लिहायचं न्हाई बरं का," नर्सबाई म्हणाल्या.

"लिहीत न्हाई. मुन्शीजी, शब्द मऊ ठेवा. आपण वाचक आहोत, मोर्चा न्हाई. इतकंच म्हणा की, एकदा फेरविचार व्हावा."

मी मान डोलावली. कादंबरी वाचली का, असे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. मी ती अर्धी वाचली होती. लिहिणाऱ्याने सगळे वाचलेच पाहिजे असे नाही, अशी माझी समजूत होती.

पहिला मुद्दा मी फार जपून लिहिला. 'अत्यंत आदरपूर्वक', 'आपल्या कलेविषयी पूर्ण विश्वास बाळगून', असे शब्द योजले. तो पुरा झाल्यावर दुसरे पान अर्धे मोकळे राहिले आणि हात सवयीने पुढे गेला. चित्रपटाच्या कंपनीने बांगड्या भरणाऱ्या मणियारणीचे काम बाजारातल्याच एका बाईला दिले आहे, असे कानावर होते. मी वाचलेल्या भागात ती दोनदा येते आणि जाते. मुद्दा हलका वाटला. मी लिहिले: 'तसेच काही भूमिका अप्रशिक्षित स्थानिक व्यक्तींना, उदाहरणार्थ मणियारणीची, देण्यात आल्याचे समजते. सबब तेथे अनुभवी कलावंताची नेमणूक व्हावी.'

आमच्या बाजारात बांगड्या भरणाऱ्या बायका दोघीच. त्यातली एक विशीतली, आणि पुस्तकातली मणियारीण उतारवयाची. तेव्हा ती बाई कोण हे मला ठाऊक नव्हते, असे म्हणणे खोटे होईल. मी तिकडे मन जाऊ दिले नाही, हे खरे. एकोणचाळीस वाचकांनी सोबत जोडलेल्या कागदावर सह्या केल्या. माझ्यावरच्या विश्वासाने दुसरे पान कुणी उलटले नाही.

पंधरा दिवसांनी गुरुजी उत्तराचा छापील कागद घेऊन आले. नायिका ठरलेली आहे, रंगभूषेने योग्य तो बदल करू. दुसऱ्या सूचनेचा मात्र सहानुभूतीने विचार करून अनुभवी अभिनेत्री घेतली आहे, असा मजकूर होता.

"अर्धं मान्य झालं," मी म्हणालो.

"दुसरी सूचना कुठली? आपण असं कधी म्हणालो?"

मी त्यांना रीत समजावून सांगितली. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि न घालताच खिशात ठेवला. "पुस्तकाचा शेवट वाचलाय का तुम्ही?" एवढेच त्यांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता ते निघून गेले.

त्याच आठवड्यात ती आली. पन्नाशी उलटलेली, डोईवरचा पदर दातात धरून चालण्याची सवय. कचेरीमागच्या गल्लीत तिचे बांगड्यांचे दुकान आहे. माझ्या लग्नात नवरीचा चुडा तिनेच भरला होता.

"मुन्शीजी, एक कागद लिहायचा हाय. सिनेमावाल्यांला."

"बसा, भाभी."

"मला घेतल्तं त्यांनी. मंग फोन आला, गावच्या वाचणाऱ्यांची हरकत हाय म्हणे. मुंबईहून दुसरी आली. काल तिचं काम झालं बी. गल्लीतली पोरं इचारून राह्यली, चाची, हिरोइन झाली का? काय सांगू?"

मी पेनाचे टोपण काढले, कारण हातांना काहीतरी हवे होते.

"नातीकडून पुरी किताब वाचून घेतली मी. शेवटाला त्या बाईचा नवरा जातो, सगळ्या बाया बांगड्या फोडायला जमतात. आन् ती मणियारीण त्यांला हटवते. हाताला साबणपाणी लावून एकेक बांगडी साबूत काढते. मुन्शीजी, हे मी खरं केलंय. तीन बायांचं. ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती."

शेवटी काय होते, ते मला तेव्हा कळले. तेही जिने ते काम करायचे होते, तिच्याच तोंडून.

"मागणी काय लिहू?"

"मागणी बिलकुल न्हाई. माझ्यात काय कमी दिसलं, फकत इतकं इचारा."

मी लिहू लागलो. एकाच मुद्द्याचा कागद मी प्रथमच लिहीत होतो. तिचा प्रश्न लिहून झाल्यावर मी खाली लिहिले, की सदर हरकत वाचकांची नसून निवेदन लिहिणाऱ्याची आहे आणि ती त्याने पुस्तक पूर्ण न वाचता घेतली. मग नेहमीप्रमाणे सगळा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. ती ओळ टाळता आली असती. तिला मराठी अक्षर वाचता येत नाही.

"निवेदन तुम्ही लिहिल्तं?"

"हो."

"मला तर वळखता तुम्ही. मंग?"

मी तिलाही रीत सांगितली. साहेबाला सोपे जावे म्हणून हलकी मागणी जोडतात, ती. तिने मला मध्ये एकदाही तोडले नाही. पुरे ऐकून घेतले.

"म्हंजी साहेबाला द्यायला मीच सापडले."

मी सहीसाठी पेन पुढे केले. ती उर्दूत सही करते. तिने पेन घेतले नाही.

"ऱ्हाऊ द्या. तुमच्या हातचा कागद नको आता मला."

ती गल्लीकडे वळली. कागद टेबलावर राहिला. 'अर्जदार' या शब्दासमोर जागा कोरी होती. तेथे मी माझी सही केली आणि संध्याकाळी तो टपालात टाकला. पण तो आता तिचा अर्ज उरला नव्हता, आणि तिचा प्रश्न माझ्या सहीने विचारण्याचा मला काही अधिकार नव्हता, हे पेटीत टाकतानाच मला कळत होते.