दोन रेघांच्या मधलं तांबं

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. तुमच्यापाशी बोलतोय, कारण तुम्ही आमच्या गावचे नाहीत आणि सुमनवहिनीला ओळखत नाहीत. ओळखत असतात तर माझी जीभ रेटली नसती — आता तरी कुठं रेटतीय म्हणा.

युसूफवडगाव हे आमचं गाव, तिथं मी टीव्ही, पंखे, इन्व्हर्टर दुरुस्त करतो. सर्किटची पाटी घरच्या घरी बनवायची कला मला येते, आणि तिचा मला लई माज होता. होता कशाला, अजून हाय. कंप्युटरवर रेघा आखायच्या, झेरॉक्सच्या दुकानातून गुळगुळीत कागदावर त्यांची उलटी प्रिंट काढायची, तांब्याच्या पाटीवर ती पालथी घालून वरून गरम इस्त्री दाबायची. कागद पाण्यात भिजवून अंगठ्यानं चोळला की काळ्या रेघा तांब्यावर उतरलेल्या. मग फेरिक क्लोराईडच्या पाण्यात पाटी हलवत बसायचं. उघडं तांबं गळून जातं, काळ्या रेघांखालचं तेवढं राहतं. पहिल्यांदा जमलं तेव्हा ती पाटी घेऊन मी अख्ख्या गल्लीत फिरलो होतो. लोक म्हणाले, बरं हाय. त्यांना काय कळतंय?

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आमचं घर एक, चूल एक. गोठ्यात कडबाकुट्टीचं मशीन आहे, त्याचा जुना खटका कधीमधी झटका द्यायचा. वहिनी भ्यायची. मला म्हणाली, भावजी, साऱ्या गावाचं करता, माझ्या ह्या मशीनचं बी बघा की. एवढंच मागणं. मी म्हणालो, खटका कशाला, बटणंच बसवतो — हिरवं दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद.

आता इथून पुढचं सांगायचं, तर मला पुन्हा पाटी कशी बनते तेच सांगावंसं वाटतंय. बघा कसा आहे मी.

त्या बटणांसाठीची पाटी बनवताना मी मोबाईलवर व्हिडिओ काढत होतो. गावाला कळत नाही तर जगाला तरी कळू दे, असली हौस! लाईट जायची वेळ झाली होती आणि मला अंधार व्हायच्या आत व्हिडिओ उरकायचा होता. पाटी जरा आधीच बाहेर काढली. दोन रेघांच्या मधे केसाएवढं तांबं चमकत होतं. दिसलं मला. हे नीट ऐका — दिसलं होतं. नंतर ब्लेडनं खरवडू, म्हणालो. एरवी प्रत्येक पाटी मी बल्बसमोर धरून बघतो, ते पण त्या दिवशी केलं नाही. पाटी बटणांच्या डबीत घालून डबी मशीनला बसवली, मशीन चालू झालं, बंद झालं, वहिनीनं खूश होऊन चहा केला. खरवडायचं राहिलं ते राहिलंच.

पुढं हवा दमट झाली, गोठ्यातली ओल त्या डबीत शिरली. एका दुपारी मशीनमधे कडबा अडकला. वहिनीनं लाल बटण दाबलं, मशीन थांबलं, तिनं अडकलेला कडबा ओढायला हात घातला. आणि मशीन आपोआप चालू झालं. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

भाऊ आणि आई तिला घेऊन अंबाजोगाईला दवाखान्यात गेले. मी मागं राहिलो — गोठा धुतो, म्हणालो. धुतला नाही. आधी डबी उघडली. त्या केसाएवढ्या तांब्यापाशी पाटी काळी पडली होती — ओलीमुळं वीज तिथूनच एका रेघेतून दुसरीत गेली होती, बटण न दाबता. बघताक्षणी कळलं मला, तेवढी अक्कल आहे. मग काय केलं मी? भावाला फोन केला? अहो, ब्लेड घेतलं आणि ते तांबं खरवडून टाकलं. जे आधी करायचं होतं, ते आत्ता केलं. डबी बंद केली, मोबाईलवरचा व्हिडिओ पुसला, आणि मग गोठा धुतला.

भाऊ परत आला तेव्हा त्यानं मशीन चालवून बघितलं. हिरवं, लाल. हिरवं, लाल. दर वेळी बरोबर बंद. म्हणाला, हे तर चांगलं चालतंय की बे. आणि मी — मी म्हणालो, वहिनीनं लाल दाबलंच नसंल. फोनवर बोलत असंल.

वहिनीचं माहेर दिंद्रुडचं. काम करता करता आईशी फोनवर बोलायची तिला सवय, हे घरात सगळ्यांना माहीत. म्हणून तर माझं खोटं खपलं. मला ते आधीच ठाऊक होतं का? होतं. म्हणून तर तेच बोललो.

ती पट्टी बांधलेला हात घेऊन सांगत राहिली — दाबलं होतं वो मी, देवाशप्पथ दाबलं होतं. आई म्हणायची, लक्ष कुठं असतंय बाई तुझं! भावानं तिचा फोन काढून घेतला. कितीतरी दिवस तिला आईशी बोलायचं तर नवऱ्याला विचारावं लागायचं. हे सगळं चालायचं तेव्हा मी तिथंच बसलेला असायचो, तिनंच केलेली भाकरी खात. ती आता तळहाताच्या बुडानं भाकरी थापते. कडा फाटतात, आणि आई त्यावरूनही बोलते.

हळूहळू वहिनीनं शपथा घेणं सोडलं. मला लाज वाटली का? वाटली, पण नंतर. आधी हायसं वाटलं.

मग माझं लग्न झालं. मागच्या महिन्यात वहिनी माझ्या बायकोला कुट्टी करायला शिकवत होती. मी गोठ्याच्या दारात उभा होतो. वहिनी तिला म्हणाली, "लाल दाबलं का न्हाई ते दोनदा बघत जा बाई. भावजींनी एवढं चांगलं करून दिलतं, माझंच ध्यान नव्हतं. मीच दाबलं न्हाई."

दाबलं न्हाई! तिला आता खरंच तसं आठवतंय.

बायकोनं माझ्याकडं कौतुकानं बघितलं. दोघी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मी बायकोला म्हणालो, "हां, वहिनी सांगतीय तसं करत जा."