खुर्चीत बसून चालणाऱ्या काकू

पेणच्या आमच्या काकू खुर्चीतून न उठता दिवसभर चालायच्या. दुपारचं जेवण झालं, त्या खुर्चीत टेकल्या, की त्यांचं चालणं खरं रंगात यायचं. मालिका बघता बघता चालायच्या, वालाच्या शेंगा सोलता सोलता चालायच्या, डोळा लागला तर घोरता घोरताही चालायच्या. संध्याकाळपर्यंत एवढी पायपीट व्हायची की त्यांचा फोन त्यांना शाबासकी द्यायचा आणि वर कळवायचा, की बाई, तुम्हाला अजून बरंच खायला वाव आहे. काकू तो वाव कधी वाया जाऊ द्यायच्या नाहीत.

यात जादू काही नव्हती. फोन माझ्या कमरेला असायचा.

मी रोह्याच्या पुढच्या गावातली, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातली. शाळा नववीत सोडली. पेणला काकूंच्या मागच्या खोलीत राहायचे आणि डोलवीला कंत्राटी कामगारांच्या खानावळीत वाढायला जायचे. भात, आमटी, पाणी, परत भात. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत टेबलांमधून चालायचं. माझ्याकडे बटणाचा साधा फोन होता, तो पावलं मोजत नव्हता आणि मलाही ती मोजायची हौस नव्हती.

काकूंचे गुडघे गेले होते. गौरीच्या रात्री फुगडी घालणारी बाई आता बाकावर बसून टाळ्या वाजवते, हे त्यांच्या मनाला फार लागायचं. डॉक्टर म्हणाले, आधी वजन उतरवा, मग गुडघ्यांचं बघू. म्हणून त्यांच्या पुण्याच्या भाच्यानं फोनमध्ये ॲप टाकून दिलं आणि समजावलं, "मावशी, खाल्लेलं तू सांगायचं, चाललेलं फोन मोजेल. खाल्ल्यातून चाललेलं वजा केलं की उरतं ते नेट. ते आटोक्यात ठेव."

काकूंना ते लगेच कळलं. जरा जास्तच कळलं. दुसऱ्या दिवशी मी चप्पल घालत होते, तर त्यांनी फोन पुढे केला.

"मने, तू तशी पण चालतेसच ना गो? मग ह्याला पण ने. घरात पडून काय करेल तो?"

मी जन्माची घाबरट. दुसऱ्याचा एवढा महागाचा फोन, आमटीच्या पातेल्यात पडला तर? पण काकूंना नाही म्हणायला जे लागतं ते माझ्यात नव्हतं. ओढणीत गुंडाळून फोन कमरेला बांधला आणि काकू डोलवीला चालू लागल्या.

संध्याकाळी खाल्लेलं लिहायचं कामही माझंच, कारण काकूंचा चष्मा नेहमी दुसऱ्या खोलीत असायचा. ॲपला इडली माहीत होती, पिझ्झा माहीत होता. वालाचं बिरडं म्हटलं की गप्प. थंडीत काकूंच्या माहेरी, जित्याला, पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, आणि मडकं उपडं करून भोवती जाळ. काकू परत आल्या त्या ढेकर देतच. मी विचारलं, "काय लिहू?"

"पालेभाजी."

"काकू, पाला आपण खातो कुठं? कोंबडी होती ना आत?"

"पाला नसता तर कोंबडी शिजली असती काय? लिही पालेभाजी."

मी लिहिली. फोन खूश झाला. काकू म्हणाल्या, "बघ, यंत्राला पण पटलं."

रविवारी मी गावी जायचे तर फोनही यायचा. काकू म्हणायच्या, "शेताच्या बांधावर चालशील ना, ते जरा चढउताराचं असतं, त्याला जास्त धरतात." एकदा गाडी वाटेत निडी स्टेशनात थांबली होती आणि भाच्याचा फोन आला. मी घाबरत उचलला.

"मावशी कुठाय?"

"पेणला."

"मग फोन?"

"तो रोह्याला चाललाय."

"रोह्याला कशाला?"

"चालायला," मी म्हणाले. त्यानं तेच परत विचारलं. पुण्याच्या माणसांना सगळं उलगडून सांगावं लागतं.

त्याच दिवसांत माझं मस्कतचं ठरत होतं. एका घरात स्वयंपाकाचं काम, माणसं चांगली, सगळं जमलेलं. धाकटी बहीण बारावीला होती. मी सोडली तशी तिनं शाळा सोडू नये, एवढ्याचसाठी मला जायचं होतं. तर जायच्या आधीच्या डॉक्टरी तपासणीत मीच नापास. रक्त कमी, वजन कमी. एजंट म्हणाला, अंग भरून परत ये, नाहीतर जागा दुसरीला जाईल. ते ऐकल्यापासून माझी भूकच मेली. काळजी लागली की माझ्या घशाला कडी लागते, लहानपणापासून. दिवसभर लोकांच्या ताटात भाताचे डोंगर वाढायचे आणि आपल्या ताटात बसले की दोन घासांत पोट भरायचं. काकूंना मी एवढंच सांगितलं होतं, की तपासणी परत आहे.

मग एका सकाळी काकूंना घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. काकू ऐटीत काट्यावर चढल्या. उतरल्या तेव्हा ऐट डॉक्टरांकडे गेली होती.

"काकू, वजन वाढलंय तुमचं."

"तुमचा काटा बिघडलाय. माझं नेट बघा." फोन पुढे.

डॉक्टरांनी पाहिलं, परत पाहिलं. "एवढं चालता तुम्ही? या गुडघ्यांवर?"

"मी कशाला चालू? ही चालते."

डॉक्टर एवढे हसले की बाहेरचा पेशंट दार ढकलून आत डोकावला. मग डोळे पुसत म्हणाले, "अहो, जळतं ते चालणाऱ्याच्या अंगातलं. फोन नुसता साक्षीदार. आणि चालणं म्हणजे सगळं जळणं नव्हे. माणूस दिवसभर पडून राहिला तरी श्वास आहे, रक्त फिरतंय, अंगात ऊब आहे. त्यालाही खाणं लागतं. खाल्ल्यातून चालणं वजा करून जे उरतं, त्याच्यावर हे सगळं चालवायचं असतं. जास्त उरलं तर अंगावर चढतं. कमी उरलं तर शरीर स्वतःलाच खायला लागतं."

काकूंनी ऐकून घेतलं. ओरडतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी अख्खी खुर्ची माझ्याकडे फिरवली.

"मने, काल काय खाल्लंस?"

"जेवले की."

"काय, ते विचारते मी."

"सकाळी चहा. बटर. दुपारी... थोडा भात."

"आणि संध्याकाळी?"

"भूक नव्हती."

काकूंनी एकदा फोनकडे पाहिलं, एकदा माझ्या मनगटाकडे. "एवढ्याश्यातून ही सगळी पायपीट वजा केली तर उरलं काय गो? श्वास कशावर घेतेस तू?"

मला रडूच आलं. दवाखान्यात रडायला मी तशीही तयारच असते. मग एजंट, तपासणी, धाकटी, सगळं एका दमात बाहेर पडलं. काकू डॉक्टरांना म्हणाल्या, "बघा, ही चालली आणि मी खाल्लं. ह्या पोरीला मीच गिळलं की हो."

तेव्हा कळलं, की आम्ही दोघींनी मिळून एक ठणठणीत बाई तयार केली होती. माझे पाय, काकूंचं पोट. ती हिशेबाला एकदम चोख होती, फक्त राहायची फोनमध्ये. बाहेर एक फुगत होती आणि एक वाळत होती.

घरी येताच काकूंनी ॲपमधलं आपलं नाव काढायला लावलं. "आता पाय पण तुझे, पोट पण तुझं." फोन पहिल्यासारखाच माझ्या कमरेला जायचा, पण संध्याकाळी तो जेवढं खायला सांगेल तेवढं माझ्या ताटात पडायचं. तांदळाची भाकरी, बिरडं, अंडं, वर तूप. काकू समोर बसून पहारा द्यायच्या.

"फोन म्हणतो अजून एक भाकरी."

"काकू, फोन असं बोलत नाही."

"तुला ऐकू येत नाय. अशक्तपणा हाय तुला."

घास अडकला की त्या दुसरंच काहीतरी काढायच्या. शेजारणीच्या सुनेचा स्वयंपाक, भाच्याचं टक्कल, डॉक्टरांचं हसणं. मी हसले की घास आपोआप खाली उतरायचा आणि त्या लगेच पुढचा वाढायच्या. एकदा म्हणाल्या, "तू दिवसभर काळजी करतेस, ते पण जळतच असणार. ह्या मशिनीला ते दिसत नाय. म्हणून हे एक अंडं काळजीच्या वाटणीचं." डॉक्टरांना हे पटलं असतं असं मला वाटत नाही. मी अंडं खाल्लं.

त्यांची स्वतःची भाकरी मात्र अर्धी झाली, आणि त्याचा सगळा राग माझ्यावर निघायचा. "तू चालायचीस तेव्हा बरं होतं गो. आता मी बसते आणि बसलेलीच दिसते." मग शिव्या घालत घालत दारापर्यंत चालायच्या, दाराला धरून उभ्या राहायच्या आणि आत यायच्या. पुढे ओट्याच्या टोकापर्यंत मजल गेली. त्या चालण्याला एवढ्या शिव्या लागायच्या, की कॅलरी पायांच्या गेल्या का तोंडाच्या, सांगणं कठीण.

दुसऱ्या तपासणीत मी पास झाले. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग दे माझा फोन," आणि पदर डोळ्यांना लावून आत गेल्या.

निघायच्या दिवशी त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "मी काय स्टँडवर यायची नाय. लांब पडतं. दारातनं हात करीन." तसा त्यांनी केलाही. मी स्टँडवर बॅगेवर बसून होते. पासपोर्ट आहे ना, म्हणून पर्स सारखी उघडून बघत होते, आणि पनवेलची गाडी काही येत नव्हती. तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला काकू दिसल्या. चालत. साडी वर खोचलेली, एका दुकानाच्या कट्ट्यावर टेकायचं, उठायचं, पुढच्या दुकानाशी परत टेकायचं. हातात पिशवी. मी धावले.

"काकू, रिक्षा नाही मिळाली?"

"मिळत होत्या की दहा. नाय बसले."

पिशवीत पोहे, पापड आणि कडवे वाल. बाकावर टेकून त्यांचा श्वास जागेवर यायला वेळ लागला. मग त्यांनी कमरेला हात लावला, पिशवीत चाचपलं, आणि चेहरा पडला.

"अरे देवा! फोन घरीच राहिला. एवढी चालले गो मी! ते सगळं गेलं कुठं आता?"

गाडी आली. काकू खिडकीशी येऊन, कंडक्टर ऐकत असताना, मोठ्यानं म्हणाल्या, "तिकडं जाऊन माझं नाक कापू नको. वजा करून बघत जा. उरलं पायजे."

इथे मस्कतला आता माझाही चांगला फोन आहे, पावलं मोजणारा. धाकटी कॉलेजात आहे. काळजी आहे तशीच आहे, घशाची कडीही अधूनमधून लागते. ती लागली की मला काकूंचं ते घरापासून स्टँडपर्यंतचं चालणं आठवतं. कुठल्याच फोनमध्ये त्याची नोंद नाही. म्हणून ते मी माझ्या हिशेबात धरते आणि ताटात एक भाकरी जास्त घेते. एवढी पायपीट झालीय, कुणीतरी खायला हवं.