बाबांच्या गाडीची चेन

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं मानणारी... भुताखेतांचे किस्से सुरू झाले की मी उठून जायचे. म्हणूनच हे लिहायला इतका वेळ लागला.

आम्ही भाईंदर पूर्वेला, नवघरला राहतो, दुसऱ्या मजल्यावर. बाबा गेल्यावर त्यांची मोटारसायकल मी चालवायला लागले. तिची चेन पार सैल झालेली, कव्हरवर आपटायची — खर्रर्र टक, खर्रर्र टक. बाबा असताना त्या आवाजावरूनच आईला कळायचं, ते गेटात आले. ती लगेच आमटी गरम करायला ठेवायची.

गॅरेजवाले सलीमभाई म्हणाले, "दीदी, दांत देखो, घिसके सुई हो गए. किसी दिन हायवे पे चेन उतर जाएगी." मग मी नवी चेन आणि ती ज्यांवर फिरते ती दोन्ही दातेरी चाकं, म्हणजे स्प्रॉकेट, टाकून घेतली. जुनं सगळं भंगारात गेलं. गाडी एकदम गुपचूप पळायला लागली.

पुढच्याच रविवारी, भर दुपारी, आम्ही दोघी घरात. गाडी खाली, चावी माझ्या पर्समध्ये. आणि खालून... खर्रर्र टक, खर्रर्र टक.

"हे आले," आई म्हणाली. गॅस पेटवलासुद्धा. मग लायटर हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली.

मी गॅलरीत धावले. गेटात कुणी नाही. गाडी जागेवरच. खाली जाऊन हात लावला — इंजिन थंडगार. चेन मात्र खाली लोंबत होती.

दुसऱ्या दिवशी सलीमभाईंनी कव्हर उघडलं आणि चाकाच्या दातांवरून बोट फिरवलं.

"सेट तो मेरा ही है, चेन के लॉक पे मेरा पीला निशान है. पर दांत... फिर घिसके सुई! दीदी, इतनी कहाँ चलाई?"

चेन बदलल्यापासून मीटरवर फक्त माझ्या घर-लॅबच्या फेऱ्यांचे किलोमीटर वाढले होते.

घरी आले, आईला सगळं सांगितलं. वाटलं, ती म्हणेल, राहू दे तशीच.

"बदलून घे," ती म्हणाली. "तुला रोज काशीमिऱ्याच्या हायवेने जायचं असतं. यांना मी सांगते."

बाबांच्या फोटोच्या खोलीत जाऊन तिने दार ओढून घेतलं. शब्द कळत नव्हते, पण ती बोलत होती. मध्येच थांबायची — समोरच्याचं ऐकून घेताना थांबतो ना, तशी. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

"ऐकलं त्यांनी," एवढंच म्हणाली.

नवा सेट टाकला, त्यानंतर चेनला काही झालेलं नाही. आवाजही परत आला नाही. सलीमभाई म्हणतात, माल नकली निघाला असेल. असेलही... पण त्या दुपारी आम्ही दोघींनी जे ऐकलं, ते काय होतं?